लाकडी भिंतींचे चर्च

इंग्लंडमध्ये एसेक्स नावाचा परगणा आहे. लंडनच्या ईशान्येला असलेल्या या परगण्यात ग्रीनस्टेड हे एक लहानसे खेडे आहे. तेथे संत अँड्र्यू यांच्या नावाचे एक छोटे चर्च आहे. दूरदूरचे लोक ते मुद्दाम पाहायला येतात. का बरे? कारण या चर्चच्या जुन्या भिंती दगडाच्या नाहीत. त्या झाडांच्या खोडांच्या आहेत!

त्या काळच्या कारागिरांनी ओकची मोठी खोडे उभी चिरली. ती एकमेकांशेजारी उभी केली. खोडाची गोल बाजू बाहेर ठेवली आणि सपाट बाजू आत ठेवली. दोन खोडांमधून वारा-पाऊस आत येऊ नये, म्हणून कडांना खाचा पाडल्या आणि त्यांत लाकडी पट्ट्या बसवल्या.

या भिंती किती जुन्या आहेत? पूर्वी लोक म्हणत, की त्या इ. स. ८४५ च्या सुमाराच्या आहेत. १९९५ साली शास्त्रज्ञांनी लाकडातील वर्तुळे तपासली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढते. पाऊस चांगला झाला, तर ते रुंद होते. नाही झाला, तर अरुंद होते. या वर्तुळांवरून झाड कोणत्या काळात वाढले, ते कळते. ही झाडे इ. स. १०५३ नंतर काही वर्षांनी तोडलेली होती, असे दिसून आले. चर्चचे वय सुमारे दोनशे वर्षांनी कमी झाले. पण त्याचा मान कमी झाला नाही. जगातील सर्वांत जुन्या लाकडी चर्चमध्ये आजही त्याची गणना होते.

पुढे प्रत्येक काळाने या इमारतीत भर घातली. इ. स. १५०० च्या सुमारास वेदीकडील भाग विटांनी बांधला गेला. छपरावर कौले आली. छपरात खिडक्या झाल्या आणि आत उजेड आला. १५३४ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपचा अधिकार नाकारला. तेव्हापासून इंग्लंडचे चर्च वेगळे झाले. त्यालाच अँग्लिकन चर्च म्हणतात. ग्रीनस्टेडचे चर्चही त्याचाच भाग झाले. येथील पांढऱ्या लाकडी मनोऱ्यातील एका घंटेवर १६१८ हे साल कोरलेले आहे.

या चर्चने गरिबांचे सुखदुःखही पाहिले आहे. १८३४ साली टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मजुरी कमी होत होती, म्हणून त्यांनी संघटना उभारली होती. तिच्यासाठी घेतलेली गुप्त शपथ हा त्यांचा गुन्हा ठरला. त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. लोकांनी जोराचा आवाज उठवला. १८३६ साली सरकारने त्यांना माफी दिली. परत आल्यावर त्यांपैकी काही जण ग्रीनस्टेडजवळ शेती करू लागले. त्यांतील जेम्स ब्राइन याचे लग्न १८३९ साली याच चर्चमध्ये झाले.

ओल लागून खोडांची खालची टोके कुजली होती. १८४८ साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा सगळ्या भिंती पाडून नव्या बांधणे सोपे होते. पण तसे केले नाही. फक्त कुजलेला भाग कापला आणि खाली विटांचा पाया घातला. बाकीचे लाकूड जसेच्या तसे ठेवले. म्हणूनच त्या जुन्या कारागिरांचे काम आज आपल्याला पाहायला मिळते. इमारत बांधणाऱ्यांइतकेच ती जपणाऱ्यांचेही आपल्यावर उपकार असतात.

शब्दार्थ
परगणा – जिल्ह्यासारखा प्रदेश
खाच – लाकडात कोरलेली लांबट पोकळी
काळे पाणी – दूरच्या देशात पाठवण्याची शिक्षा
ओल – दमटपणा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ग्रीनस्टेड कोणत्या परगण्यात आहे?
(आ) घंटेवर कोणते साल कोरलेले आहे?
२. खोडातील वर्तुळांवरून काय कळते? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : रुंद, जुना, सपाट.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीची माहिती मिळवा व पाच वाक्ये लिहा.