पार्सल कुठं पोचलं? पावती सांगते!

मागच्या महिन्यात एका गटानं पुण्याला पापड पाठवले. आठ दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन आला, "पार्सल आलंच नाही." पावती शोधली, तर सापडेना. शेवटी पैसे परत द्यावे लागले. असं तुमच्या गटाचं होऊ नये म्हणून एवढं करा.

१. स्पीड पोस्टच्या पावतीवर नंबर असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. लगेच फोटो काढा.

२. त्याच दिवशी गटाच्या वहीत तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, पिनकोड आणि नंबर लिहा.

३. इंडिया पोस्टच्या वेबसाईटवर नंबर टाका. पार्सल कुठवर गेलं ते दिसतं.

४. मोबाईलमधल्या 'एआय'ला विचारलंत, तरी नंबर लागतोच. त्याला पोस्टाची माहिती बघता येत नसेल, तर तो अंदाजानंही सांगून टाकतो. म्हणून वेबसाईटवर खात्री करा.

५. "पत्ता अपुरा आहे, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा.

पुढच्या बैठकीला वही आणा. एक नंबर सगळ्या मिळून शोधून बघू.