गवत कापणाऱ्या गाडीचे एंजिन

हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पहिले पेटंट १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने घेतले. ते यंत्र हाताने ढकलावे लागे. आज अमेरिकेत मोठ्या अंगणातील गवत कापण्यासाठी वर बसून चालवायची छोटी गाडी वापरतात. अशा अनेक गाड्यांत हवेने थंड होणारे पेट्रोल एंजिन असते. गाडीचा सांगाडा धड असताना एंजिन झिजले, तर तेवढेच बदलता येते. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : जुने एंजिन का निकामी झाले? कारण दूर केले नाही, तर नव्याचीही तीच गत होईल.

आपण थोडे गणित करू. समजा, एंजिनाचे आकारमान ५०० घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धा लिटर आहे आणि ते मिनिटाला ३,६०० फेरे घेते. चार धावांचे एंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत ओढते. म्हणजे मिनिटाला १,८०० वेळा. पूर्ण भार असताना ते मिनिटाला जास्तीत जास्त ९०० लिटर, तर तासाला ५४ घनमीटर हवा ओढील. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा दोन खोल्यांतील ही हवा झाली! गवत कापताना ती धुळीने भरलेली असते. हवेची गाळणी फाटली, की धूळ तेलात मिसळते आणि पॉलिशच्या कागदासारखी सिलिंडर व दट्ट्याची कडी घासत राहते.

दुसरे कारण तेल. ते घर्षण कमी करते आणि उष्णताही वाहून नेते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी रोज पाहावी. तिसरे कारण गवत. सिलिंडरवरील पंख्यांसारख्या पट्ट्यांमुळे हवेला अधिक पृष्ठभाग मिळतो. त्यांत गवत अडकले, की उष्णता आतच कोंडते.

नवे एंजिन निवडताना केवळ अश्वशक्ती पाहून भागत नाही. दांडा उभा की आडवा, त्याची जाडी व लांबी, चावीची खाच आणि बोल्टांच्या भोकांमधील अंतरे जुळली पाहिजेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॅटरी सोडवली, म्हणजे धोका टळला असे समजू नका! अशा एंजिनात चाकावरील चुंबक फिरला, की गुंडाळीत वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. हाताने पाते फिरवताना पट्ट्यामुळे एंजिनही फिरले, तर ते क्षणभर सुरू होऊन बोटे तुटू शकतात. म्हणून कोणत्याही कामापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून दूर बांधावी. हे काम जाणत्या मोठ्या माणसानेच करावे.

तुमच्या घरी किंवा शेजारी मोटरसायकल आहे ना? तिच्या एंजिनाचे आकारमान विचारा. ते मिनिटाला ४,००० फेरे घेते असे धरून तासाला किती हवा लागेल ते काढा, आणि मग तिची गाळणी शेवटची केव्हा साफ केली होती, तेही विचारा.