कुटुंब-गट अभ्यासपाठ : आजार एकाचा, सोसणं दोघांचं



आजचा विषय संकोचाचा आहे, म्हणूनच घेतला : प्रोस्टेटचा कॅन्सर. पाठ मोठ्यांसाठी आहे. नवरा-बायकोनं सोबत बसून वाचावा.

आमचे काका इथं चांदनीलाच असतात. इंजेक्शनं सुरू झाल्यावर ते ओसरीवर वेगळे झोपू लागले. चिडचिड वाढली, बोलणं तुटलं. पाच महिन्यांनी काकूंनी रडत विचारलं, "मला कंटाळलात का?" काका म्हणाले, "अगं, मीच तुझ्या कामाचा उरलो नाही." दोघंही मनात स्वतःलाच दोष देत होते!

खरं काय होतं? प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी गाठ. पुरुषी हार्मोनवर हा कॅन्सर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली अमेरिकेत दाखवलं. त्याच वर्षी मुंबईत परळला टाटा मेमोरियल सुरू झालं. हगिन्स यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. हार्मोन कमी करणारी आजची इंजेक्शनं त्याच शोधातून आली. हार्मोन कमी झालं की इच्छा मावळते, अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, मन उदास होतं. ऑपरेशननंतर लघवी गळू शकते, ताठरता जाऊ शकते. म्हणजे हा स्वभाव नव्हे, प्रेम आटणंही नव्हे. हा उपचाराचा परिणाम आहे.

आणि बायको? रात्री चादर बदलणं, पैशांची जुळवाजुळव, दवाखान्याच्या फेऱ्या, आणि सगळ्यांपुढे हसरा चेहरा. तिची काळजी पुष्कळदा रोग्याइतकीच असते, कधी जास्तही. पण येणारा जाणारा विचारतो, "दादा कसे आहेत?" तिला कोण विचारतं?

लक्षात ठेवा :

1. उपचाराआधी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा, काय काय बदलेल. लाजू नका, त्यांना हे रोजचंच आहे.
2. लघवी रोखायच्या स्नायूंचा व्यायाम डॉक्टरांकडून शिका. बऱ्याच जणांना फरक पडतो.
3. कॅन्सर संसर्गजन्य नाही. जवळ बसा, हात धरा, सोबत फिरा. तीही जवळीकच.
4. नामस्मरण मनाला बळ देतं, पण इंजेक्शनची जागा घेत नाही. औषध मनानं बंद करू नका.
5. पात्र कुटुंबाला आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आधी तपासा.
6. "आता जगून काय करू" असं कोणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना सांगा, किंवा 14416 वर टेलि-मानसला फोन करा.

काका आता ओसरीवर झोपत नाहीत. आजार आहेच, पण अबोला गेला.

या आठवड्याचा गृहपाठ : आपल्या ओळखीत कोणी आजारी असेल, तर त्यांच्या घरच्या माणसाला बाजूला घेऊन एवढंच विचारा, "तुम्ही कशा आहात?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

जय गुरुदेव.