रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

जिंतूर

चि. विकास यास,

तुझं पत्र पोचलं. सोयाबीनात रानडुकरांनी घातलेला धुमाकूळ, रात्रीची जागल आणि त्यावर तू शोधलेला तोडगा, म्हणजे कुणाकडचं तरी जुनं विलायती .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, सगळं वाचलं. असं हत्यार निवडावं कसं आणि चालवावं कसं, हे तू विचारलंस. ते सांगतोच, पण माझं मत आधी ऐक. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर हे फार थोड्या माणसांच्या, फार थोड्या प्रसंगांतल्या उपयोगाचं हत्यार आहे, आणि तुझ्या शेतावरचा प्रसंग त्यांत बसत नाही.

.४४ मॅग्नम १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत आलं. एल्मर कीथ नावाच्या शिकारी लेखकाने जड गोळी आणि जोरकस बार यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यातून स्मिथ अँड वेसनने ते बाजारात आणलं. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ सिनेमाने त्याला अफाट प्रसिद्धी दिली. तुझ्या मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच परंपरेतले. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशेवर मीटर वेगाने जाते, तिची ऊर्जा १,३०० ते १,४०० ज्यूल भरते. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. हा फरक डोळे दिपवणाराच आहे. पण इशापूरची साधी .३१५ रायफल .४४ च्या दुप्पट ऊर्जा देते आणि तिचा धक्का खांदा सोसतो. रिव्हॉल्व्हरचा धक्का दोन मनगटांवर येतो. .४४ चं वजन .३२ च्या जवळजवळ दुप्पट असूनही हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा, माझ्या हिशेबाने, पंधरा पटींच्या घरात जाते. २००३ साली आलेलं .५०० मॅग्नम याच्याही पुढचं. त्याचं लांब नळीचं मॉडेल दोन किलोंचं आहे, तरी ते झाडायला पुष्कळांचं मन धजत नाही.

ताकद हवी तर धक्का सोसायला शिकेन, असं तू म्हणशील. धक्का सोसता येतो, पण नेमाचं गणित बदलत नाही. सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण वीस सेंटिमीटर अंतर असतं. चाप ओढताना माशी एक मिलिमीटर हलली, तर पंचवीस मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर सरकते आणि पन्नास मीटरवर पंचवीस. रायफलवर हे अंतर अर्ध्या मीटरचं असलं, तर तेवढ्याच चुकीत पंचवीस मीटरवर गोळी पाचच सेंटिमीटर ढळते. आता अंधार घे, एका हातात बॅटरी घे, आणि तुरीच्या ओळींतून पळणारं डुक्कर घे. त्याच्या छातीत नेमकी जागा तळहाताएवढी. ती चुकली की जनावर जखमी होऊन नाल्याच्या झुडपात बसतं, आणि सकाळी तिथे गवत कापायला जाणाऱ्या बाईवर उलटतं. हुकलेली गोळी तर दीड-दोन किलोमीटरही जाऊ शकते. येलदरीकडच्या सपाट रानात तेवढ्या टापूत किती माळे आहेत आणि त्यांवर कोण कोण निजलेलं असतं, हे मी तुला सांगायला नको.

अमेरिकेत लोक रिव्हॉल्व्हरने डुक्कर, हरीण, अस्वलसुद्धा मारतात, हा तुझा दाखला खरा आहे. पण ते दिवसाउजेडी, टेका घेऊन, बहुधा पन्नास मीटरच्या आत मारतात, आणि टप्प्यात न आलेलं जनावर सोडून देतात. अलास्कात रिव्हॉल्व्हर कमरेला असतं ते अस्वल अंगावर आलंच तर शेवटचा उपाय म्हणून. तिथला जाणकार निवडताना आधी हात पाहतो: दस्ता मुठीत नीट बसतो का, पहिलं बोट चापापर्यंत सहज पोचतं का, वजन धक्का गिळण्याइतकं आहे का. बोअरचा प्रश्न त्यानंतर. शिकायचं ते .२२ वर, आणि मग पायरीपायरीने वर. बार होण्याआधीच हात दचकतो की नाही, हे तपासायला खऱ्या काडतुसांत एखादं बिनदारूचं मिसळून सिलिंडर दुसऱ्याकडून भरून घेतात. ते आलं की नळी खाली डुचकते आणि खोड उघडी पडते. आणखी एक जपायचं. सिलिंडर आणि नळी यांच्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची फट असते. तिच्यातून तापलेला वायू सुरीसारखा बाहेर पडतो, म्हणून रायफल धरतात तसा पुढचा हात त्या फटीजवळ न्यायचा नाही. मोठ्या काडतुसाच्या बाबतीत बोटाचा तुकडा पडू शकतो.

आता कायदा. नव्या विलायती शस्त्रांची खाजगी आयात १९८० च्या दशकातच थांबली, म्हणून जुन्या नगांना लाखांचे भाव येतात. त्यांतही .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं झाडणारी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरची, म्हणजे जुन्या घराण्यांतली वेब्ली कुणी दाखवली तर हातही लावू नकोस. .४४ त्या यादीत नाही म्हणून खूश होऊ नकोस. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती अपुरी असल्याचं अधिकाऱ्याला पटलं तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक मिळू शकते. रिव्हॉल्व्हरचा तिथे उल्लेखच नाही. कायदा करणाऱ्यांना शेताची गरज कळत होती असं मला वाटतं, कारण छर्‍याची बंदूक जवळ मारते आणि तिचे छर्रे लांब जात नाहीत.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असंही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकाला घातक ठरले, तर अधिकार असलेला वनअधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. तिच्याशिवाय तुझा बार हा गुन्हाच. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंधारात चमकणारे डोळे कुणाचे हे ओळखणं सोपं नसतं. जीव वाचवताना जनावर मारलं तर गुन्हा नाही हे कलम तू वाचलं आहेस, पण त्याच्या शेवटी एक अट आहे: त्या वेळी माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर ही सूट त्याला नाही. बेकायदा शिकारीला निघालेल्या माणसावर डुक्कर धावून आलं, तर हे कलम त्याला वाचवणार नाही.

मग शेतकऱ्याने हातावर हात ठेवून बसावं का, हा तुझा सवाल रास्त आहे, आणि त्यातला राग मला मान्य आहे. भरपाई पुरत नाही, पंचनाम्याला उशीर होतो. पण या तक्रारींवर रिव्हॉल्व्हर हा उपाय नाही, कारण कळपातलं एखादं जनावर पडलं तरी बाकीची दुसऱ्या रात्री येतातच. कुंपणाचा खर्च शेजाऱ्यांनी वाटून घेतला तर एकट्यावर पडत नाही. सौर कुंपणाचा झटका जनावराला हुसकावतो, मारत नाही. तारेत थेट वीज मात्र कुणी सोडू देऊ नकोस. त्याने माणसं मेली आहेत.

नेमबाजीची ओढ खरी असेल तर त्यालाही वाट आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते .२२ वर. सेंटर फायर प्रकारातही ९.६५ मिलिमीटरच्या वरची बोअर चालत नाही, म्हणजे .४४ ला तिथेही जागा नाही. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे. दिवाळीनंतर जाणार असशील तर शिकवणीची फी मी भरेन.

तोवर नुकसानीचे फोटो काढून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज टाक. सातबारा ताजा काढून घे आणि सोबत पासबुकाची प्रत जोड. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा