लाल टोपण, केशरी टोपण

नीटचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘मॅडम, मार्क कमी पडले. बीएस्सी नर्सिंग केलं की जर्मनीला जाता येतं ना?’ येतं. जर्मन बी१-बी२ पर्यंत शिकावी लागते, आणि ती शिकून मुली जातातही. पण जिनं अजून बेडपॅन हातात धरलेलं नाही, तिच्या पासपोर्टची बोलणी मला ऐकवत नाहीत.

वाटा सांगून टाकते. बारावीला पीसीबी असेल तर सीईटी देऊन ४ वर्षांचं बीएस्सी. नाहीतर ३ वर्षांचं जीएनएम, तिथं कला-वाणिज्यवालेही चालतात. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. झालं.

खरी गोम पुढे आहे. ‘गणित जमत नाही, म्हणून तिला बायॉलॉजी दिलं,’ असं आई सहज बोलून जाते. मी ड्रॉवरमधून इन्सुलिनच्या दोन सिरिंज काढते. लाल टोपणाची ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, केशरी १०० च्या. आपल्याकडे बाटलीत बहुधा ४० चं मिळतं, पेनात १०० चं. पेनातलं औषध लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर किती गेलं? अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट! रात्री साखर धाडकन उतरते, आणि शेजारी बसलेल्या मुलाला वाटतं, बाबांना आज छान झोप लागली.

गणित त्रैराशिकाचंच. ५०० मिली सलाईन, ८ तास, २० थेंबांचा सेट: मिनिटाला २१ थेंब. फक्त ते तीन नातेवाईक डोक्यावर उभे असताना करायचं.

त्याहून अवघड आहे तोंड उघडणं. ‘सर, डोस परत सांगा’ हे वाक्य तुमच्या मुलीच्या तोंडून निघेल? अठरा वर्षं तुम्ही तिला मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हेच शिकवलंत. मीही तशीच वाढले. शिकत असताना वापरलेल्या सुईला टोपण लावायला गेले, बोटात घुसली. ओरडा बसेल म्हणून दोन दिवस कुणाला बोलले नाही. ते दोन दिवस फार महागात पडू शकले असते.

तेव्हा कॉलेजात फी आणि हॉस्टेलच्या आधी विचारा: स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं? पहिल्या इंजेक्शनला शेजारी कोण उभं राहतं? हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात पाठवण्याआधी देता का? ‘हॉस्पिटलशी टाय-अप आहे’ असं उत्तर आलं, तर एका सकाळी न सांगता त्या वॉर्डात जा आणि कॉलेजची मुलं तिथं दिसतात का, बघा.