माध्यमसाक्षरतेचा तास : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

साक्षरता या शब्दाचा अर्थ पिढीगणिक रुंदावत जातो. १८४८ साली महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा अक्षराला हात लावण्याचा हक्क मिळवणे हाच संघर्ष होता. पुढे वसतिगृहे आली, शिष्यवृत्त्या आल्या, आणि ज्यांच्या आजोबांना अंगठा उठवावा लागे त्यांची नातवंडे पदवीधर झाली. आज त्याच घरांत अक्षर आणि चित्र दोन्ही मोबाईलच्या पडद्यावरून अहोरात्र येत असतात. वाचता येणे साधले. वाचलेले पारखता येणे अजून साधायचे आहे. त्या पारखीलाच माध्यमसाक्षरता म्हणतात.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अजाणतेपणी सांगितली गेलेली चूक वेगळी आणि हेतुपुरस्सर रचून पसरवलेले असत्य वेगळे. दुसऱ्या प्रकाराला आपण अपप्रचार म्हणू. अपप्रचार रचणारे थोडे असतात, परंतु तो घरोघर पोहोचवणारे आपल्यासारखेच साधे, सद्‌हेतूचे लोक असतात. म्हणूनच हा प्रश्न पोलिसांइतकाच शाळेचाही आहे.

अफवेची किंमत कोण मोजतो?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणारे हे लोक परके, दरिद्री आणि पाठबळ नसलेले होते, एवढेच त्यांच्याविरुद्ध पुरेसे ठरले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही त्यांचा जीव वाचला नाही.

त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मुळात ती पाकिस्तानातील कराची शहरात, बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी एका संस्थेने तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ते स्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापून उरलेला तुकडा भारतात खरी घटना म्हणून पसरवण्यात आला. म्हणजे त्यात काही नवे घातले नव्हते. केवळ शेवट काढून टाकला होता.

अफवा प्रथम कोणावर कोसळते, याचे उत्तर राईनपाड्याने दिले. ज्याची ओळख पटवायला गावात कोणी नाही, ज्याचा शब्द कोणी मानत नाही, त्याच्यावर. आमच्या वसतिगृहांत येणारी लेकरे बहुतांशी अशाच घरांतून येतात. त्यामुळे माध्यमसाक्षरता ही सुखवस्तूंच्या शाळांतील चैन नव्हे. ती आपल्या जीविताच्या रक्षणाशी जोडलेली गोष्ट आहे.

पारख शिकवता येते काय?

येते, परंतु घाईने येत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये संशोधकांनी घरोघर जाऊन प्रौढांना सुमारे तासभराचे प्रशिक्षण दिले. एकंदरीत पाहता खरे-खोटे ओळखण्याच्या त्यांच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. पक्षनिष्ठा आणि पूर्वग्रह एका तासात हलत नाहीत, हा त्यातील धडा होता.

त्यानंतर त्याच राज्यात, राज्य शासनाच्या संस्थेच्या सहकार्याने, निराळा प्रयोग झाला. ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचा त्यात समावेश होता. निवडलेल्या गटांना १४ आठवड्यांच्या काळात वर्गात बसवून टप्प्याटप्प्याने पाठ देण्यात आले, तर इतर गटांना तुलनेसाठी इंग्रजी संभाषण शिकवण्यात आले. माध्यमसाक्षरतेचे पाठ घेतलेली मुले खरी व खोटी माहिती अधिक चांगल्या प्रकारे वेगळी करू लागली. चार महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. पाठ प्रामुख्याने आरोग्यविषयक होते, तरी राजकीय मजकुरालाही मुले तीच कसोटी लावू लागली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या मुलांच्या पालकांचीही पारख सुधारलेली आढळली.

या दोन प्रयोगांतून आम्ही एवढेच घेतो : ही विद्या व्याख्यानाने येत नाही, सरावाने येते; ती लहान वयात लवकर रुजते; आणि मूल शिकले की घर शिकते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी घरातील पत्रे वाचून दाखवतो, अर्ज भरून देतो. उद्या तोच आईच्या मोबाईलवर आलेला निरोप पारखूनही देईल.

वर्गात काय शिकवावे?

इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत नवी नाही. जुना कागद हाती आला की आपण प्रथम त्याचे बाह्यांग परीक्षण करतो : कोणी लिहिला, केव्हा, कोठे, मूळ आहे की नक्कल? नंतर अंतरंग परीक्षण : लिहिणाऱ्याला हे ठाऊक असणे शक्य होते काय, त्याचा हेतू काय, इतर साधने काय सांगतात? मोबाईलवरील निरोपालाही हेच प्रश्न लागू पडतात. त्यांत आणखी दोन जोडावेत. यातून काय कापले गेले आहे? आणि हे वाचून मला एकदम राग किंवा भीती का वाटली? राग आला की बोट पुढे जाते आणि बुद्धी मागे राहते. अपप्रचार रचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

त्रिपिटकात अंगुत्तर निकायामध्ये केसपुत्त नगरीच्या कालामांचा प्रसंग येतो. येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग विश्वास कोणावर ठेवावा, असे त्यांनी विचारले. केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी सुचवले. परंतु ते तेथे थांबले नाहीत. कशातून अहित व दुःख निपजते आणि कशातून हित साधते, हे स्वतः तपासून स्वीकारा किंवा टाका, असा मार्ग त्यांनी दाखवला. हा दुसरा भाग मुलांना आवर्जून शिकवला पाहिजे. सगळेच खोटे म्हणणारा मनुष्य सगळेच खरे मानणाऱ्याइतकाच सहज फसतो.

खरी परीक्षा मात्र आपल्याला आवडणाऱ्या निरोपाची असते. बाबासाहेबांच्या नावाने फिरणारे प्रत्येक वाक्य बाबासाहेबांचे नसते. त्यांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत. खंड कोणता, पृष्ठ कोणते, हे विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर ती बाबासाहेबांची अवज्ञा नसून त्यांच्याच शिस्तीचे पालन ठरेल. वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक वृत्ती विकसित करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. आपल्या बाजूच्या मजकुराला त्यातून सूट दिलेली नाही.

पैसा कोठून यावा?

२०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला शिकवण्यासाठी सुमारे २,३५१ कोटी रुपयांची तरतूद होती. यंत्र चालवणे, इंटरनेट वापरणे, पैशांचे व्यवहार करणे, शासकीय सेवा मिळवणे यांवर त्याचा भर होता. हे आवश्यकच होते. परंतु हाताला यंत्र देताना मनाला चाळणी देण्याचे काम तेवढ्याच आस्थेने झाले नाही.

दुसरीकडे मोठ्या कंपन्या पैसा देतात. गूगलच्या दानशाखेने भारतातील माध्यमसाक्षरतेसाठी इंटरन्यूज या संस्थेला १० लाख डॉलर दिले आणि त्यातून ‘फॅक्टशाला’ हा उपक्रम उभा राहिला. असे साह्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि, ज्यांच्या माध्यमांतून मजकूर पसरतो त्यांच्याच दानावर त्याची पारख कायम अवलंबून राहू नये. शिवाय अनुदानाला मुदत असते आणि शाळेला दरवर्षी नवी इयत्ता असते. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास जिल्हा प्रशासनाने सुमारे १५० शासकीय शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. शाळा व शिक्षक असलेल्या ठिकाणी शासनाला हे काम उभे करता येते, हे त्यातून दिसते. ती मागणी आपण केलीच पाहिजे.

परंतु मागणी करीत हात बांधून बसणे हा आपला वारसा नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साह्य केले होते. आरंभाला तो मोठा आधार ठरला. तरीही ते पत्र फार वर्षे चालू शकले नाही. १९२७ साली सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही आर्थिक ओढाताणीत १९२९ मध्ये थांबले. एका मोठ्या देणगीने आरंभ होतो. सातत्य मात्र अनेकांच्या लहान, नियमित वर्गणीनेच टिकते.

आमचे आवाहन

म्हणून माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. आठवी ते दहावीच्या वर्गांना पंधरवड्यातून एक तास, वर्षभर, नियमाने मिळावा. एकदिवसीय शिबिर, मंडप आणि सत्कार यांवर खर्च करण्याऐवजी दोन-तीन शिक्षकांच्या प्रशिक्षणावर तो करावा. वसतिगृहात मोबाईल नसला तरी अडत नाही. निरोपांच्या छापील प्रती आणि एक प्रक्षेपक एवढ्यावर पाठ उत्तम चालतो. मुले सुटीत घरी जातात, तेव्हा घरातील एक निरोप पारखून त्याची नोंद आणणे हा गृहपाठ असावा. वर्षाच्या आरंभी व अखेरीस एकच चाचणी घेऊन फरक पडला की नाही हे तपासावे आणि जमाखर्चासह त्याचा निकाल देणगीदारांपुढे मांडावा. जी विद्या पुरावा मागायला शिकवते, तिने स्वतःचाही पुरावा दिला पाहिजे.

दरमहा थोडीशी रक्कम आणि पत्रकारिता, कायदा, वैद्यक, संगणक या क्षेत्रांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा वर्षातून एखादा तास, एवढ्यावर हे काम पुढील शैक्षणिक वर्षापासून सुरू होऊ शकते. राईनपाड्याच्या त्या बाजारात ‘थांबा, आधी खात्री करू’ असे ठामपणे म्हणणारी पुरेशी माणसे असती, तर पाच घरे उघडी पडली नसती. अशी माणसे घडवणे हे शाळेचे काम आहे, आणि शाळेला त्यासाठी बळ देणे हे आपणा सर्वांचे.