रीफर माल गार करत नाही

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षाचं पॅकहाऊस सांभाळतो. खोकं उघडतं रॉटरडॅमला, आपल्याला नंतर फक्त रिपोर्ट आणि फोटो येतात. म्हणून जे आपल्या हातात आहे तेवढ्याचंच सांगतो.

१. रीफर कंटेनर माल गार करत नाही, गार भरलेला माल गार ठेवतो. बागायतदारांना हे पटत नाही. एवढं मोठं मशीन मग कशाला, म्हणतात. भिंतींतून शिरणारी आणि मालाच्या श्वसनातून निघणारी उष्णता बाहेर काढणं, एवढाच त्याचा आवाका. बागेतून आलेला ऊन माल तसाच भरला, तर मधल्या खोक्यांपर्यंत गारवा पोचायला कित्येक दिवस जातात. तोवर देठ तपकिरी पडलेले असतात.

२. खुडणी ऊन चढायच्या आत. मार्चमध्ये दहानंतर कोणी "दादा, दोनच क्रेट राहिलेत" म्हणालं तरी ते उद्यावर. भरलेले क्रेट मांडवाखालीच ठेवायचे.

३. प्रीकूलिंगमध्ये घाई करणाऱ्याने निर्यातीच्या नादी लागू नये. खोक्यांच्या दोन रांगा, मधल्या बोळावर ताडपत्री आणि टोकाला पंखा. पंखा बोळातली हवा ओढतो, तशी खोलीतली गार हवा खोक्यांच्या भोकांतून आत शिरते. थर लावताना भोकाला भोक जुळलं नाही, तर हवा फटी शोधून बाजूनेच निसटते आणि आतला माल गरमच राहतो. आर्द्रता ९० ते ९५ टक्के हवी, नाहीतर हाच पंखा देठ वाळवतो. साधारण सहा ते आठ तास लागतात. "हाताला गार लागतंय की" हे ऐकून मी कधीच दार उघडत नाही. मधल्या खोक्यातल्या मधल्या घडाचा मणी घ्यायचा आणि प्रोबची सुई थेट गरात टोचायची. कडेचा मणी २ अंश दाखवतो, तेव्हा मधला ८-९ वर असू शकतो. (टोचलेला मणी परत घडात नाही. त्याचा रस गळतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.)

४. सल्फर पॅड प्रीकूलिंगनंतरच. त्यातल्या सोडियम मेटाबायसल्फाइटला ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी दबते. पण गरम मालावर पॅड ठेवून खोक्यातला प्लॅस्टिकचा लायनर बंद केला, की आत पाणी सुटतं, गॅस एकदम निघतो आणि मणी देठाकडून पांढरे पडू लागतात. खरेदीदार आधी तिथेच बघतो.

५. सेट पॉइंट, म्हणजे कंटेनरच्या मशीनला लावून दिलेलं तापमान, आम्ही उणे ०.५ अंश ठेवतो. नवा माणूस दचकतो. मण्यात साखर असल्याने तो पाण्यापेक्षा बराच खाली गोठतो. देठ मात्र मण्याच्या आधी गोठतो, म्हणून त्याहून खाली जायची हौस नको.

६. कंटेनरमधली लाल रेष शोभेची नाही. हवा खालच्या खाचांतून येते, मालातून वर चढते आणि छताखालून परत जाते. रेषेच्या वर एक थर चढवला, की परतीची वाट बंद. दाराशी उघड्या राहिलेल्या खाचा पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा मालात न शिरता तिथूनच वर निघून जाते.

७. भरताना दार उघडं असेल तर मशीन बंद. ऐकायला उलटं वाटतं. पण चालू ठेवलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि पुढे मशीनचा निम्मा वेळ तो वितळवण्यात जातो.

८. न्हावा शेवा बंदरापर्यंत कंटेनरला वीज देणाऱ्या जेनसेटचं डिझेल आणि ड्रायव्हरमामांचा मोबाइल नंबर, दोन्ही निघण्याआधी तपासायचे. कसारा घाटात गाड्या अडकल्या की दोन्हींची किंमत कळते.

९. डिस्प्लेवर दिसतं ते हवेचं तापमान, फळाचं नाही. म्हणून डेटा लॉगर दाराकडच्या खोक्यांत ठेवतो; हवा शेवटी तिथे पोचते. पुढे वाद झालाच तर हातात आलेख असतो.

२०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीचशी वाहतूक केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. त्या वाटेने युरोपला सुमारे दोन आठवडे जास्त लागतात. आधी पॅकहाऊसमधली थोडी ढिलाई तिकडे पोचेपर्यंत दिसतही नसे; या वळशात ती देठावर उमटते. म्हणून आता गर १ अंशाच्या वर दाखवत असेल तर लोडिंग थांबतं. बंदराचं गेट बंद व्हायची वेळ जवळ आली असली, तरी.